हवालदाराचं खाकरणं

लष्करी इस्पितळाच्या सर्जिकल वॉर्डात त्याला सगळे 'इस्त्री' म्हणत. तोंडावर 'काका' आणि पाठीमागे 'इस्त्री'. चादरीला सुरकुती दिसली की याच्या कपाळाला आठी पडायची, आणि चादर सरळ झाल्याशिवाय ती आठी काही जायची नाही. खाटा एका ओळीत, उशांची तोंडं एका दिशेला, पाण्याचे पेले हाताच्या एकाच अंतरावर. बरे होत आलेले जवान म्हणायचे, "काकांच्या वॉर्डात मरायचं असेल ना, तर सरळ रेषेत मरावं लागतं." तो ऐकायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. माणसाला नाव ठेवलं की त्या नावाचासुद्धा अभिमान वाटायला लागतो, त्याची ही गोष्ट.

फौजेत आला तेव्हा त्याला बंदूक हवी होती. छाती भरली, उंची भरली, पण तळपाय निघाले सपाट. धाडला इस्पितळात. पहिले काही महिने हा गडी रोग्यांची शौचाची भांडी घासताना रडायचा, की गावी काय सांगू, मी लढाईला गेलो आणि लोकांची घाण उपसतो? मग एका म्हाताऱ्या वॉर्डमास्तरानं त्याला हाताखाली घेतलं आणि शिकवलं, की खाटेवरच्या माणसाला भांडं देणं सोपं असतं, देताना त्याची लाज राखणं अवघड. हे त्याच्या मनात असं काही बसलं, की पुढे ज्यांचे दोन्ही हात प्लास्टरात असत असे जवान दुसऱ्या कुणाकडून दाढी करून घेईनात. काका हवेत म्हणजे काकाच हवेत. वयानं, अनुभवानं तो हवालदार झाला, वॉर्डाचा कर्ता झाला. तेव्हा तो वाईट माणूस होता असं कुणी म्हणू नये. वाईट माणसाकडून घडलं असतं तर त्याला एवढं लागलंही नसतं.

आता फौजेच्या इस्पितळातली एक गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथे सिस्टर म्हणजे अधिकारी. खांद्यावर तारे. कालची पोर जरी असली तरी केस पांढरे झालेला हवालदार तिला सलाम ठोकणार. इस्त्रीही ठोकायचा, अगदी कडक. कधी कुठल्या सिस्टरला त्यानं उलट उत्तर दिलं नाही. "हो मॅडम" यापलीकडे शब्द नाही. पण एखादी नवी सिस्टर वॉर्डाच्या रीतीबाहेर काही करायला गेली, की तो घशातल्या घशात खाकरायचा. एवढंच. हलकं, सभ्य, सर्दी झाल्यासारखं. पहिल्या आठवड्यात सिस्टरला वाटे, याला औषध द्यावं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिला अर्थ कळलेला असे. तारे तिच्या खांद्यावर आणि वॉर्ड याच्या घशात, असा तो कारभार होता.

त्या वर्षी थोरली सिस्टर लांबच्या रजेवर गेली आणि तिच्या जागी धाकटी आली. बुटकी, भरभर चालणारी, बोलताना वाक्याचा शेवट गिळणारी. नोकरी अजून कच्ची होती. वर्षभराचं काम पाहून मग पक्की करायची, असं तिचं होतं. इस्त्रीचं तिच्याशी बरं जमलं. ती शिकायला तयार होती, आणि शिकवायला मिळालं की हा खूश.

आणि अशातच मोठ्या जनरलसाहेबांची फेरी ठरली.

इस्पितळाचे प्रमुख सर्जन, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, त्यांनी इस्त्रीला बोलावून सांगितलं, "माझा वॉर्ड मला चित्रासारखा दिसला पाहिजे. तू आहेस म्हणून मी निवांत आहे." दोघांची जुनी ओळख. सीमेवर तंबूतल्या इस्पितळात साहेबांनी कापायचं आणि यानं कंदील धरायचा, असे दिवस दोघांनी काढलेले. साहेबांच्या त्या एका वाक्यावर हा माणूस आठवडाभर तरंगत होता.

फेरीची तिथे एक जुनी शिस्त होती. ज्याला उभं राहता येतं त्यानं खाटेशेजारी सावधान उभं राहायचं. ज्याला येत नाही त्यानं झोपल्या झोपल्या सावधान व्हायचं: हात पांघरुणाबाहेर सरळ, हनुवटी वर, डोळे छताला. साहेब विचारणार, "काही तक्रार?" आणि जवान म्हणणार, "नाही साहेब!" फेरीच्या दिवशी सकाळपासून इस्त्रीनं याची तालीम घेतली. बगलेत गुंडाळलेलं वर्तमानपत्र धरून तो स्वतःच जनरल झाला आणि एकेका खाटेशी थांबून ढेरी पुढे काढून विचारू लागला, "काय जवान, काही तक्रार?" वॉर्ड हसून हसून लोळला. "नाही साहेब!" असा आवाज भिंतींना धडकत होता.

खिडकीजवळच्या खाटेवर 'शिडी' होता. ताडमाड उंच जवान, म्हणून शिडी. कवायतीत उंचावरून पडून नडगी मोडलेली, आदल्या दिवशीच प्लास्टर घातलेलं. पाय उशांवर उंच ठेवलेला, आणि उंचीपायी पावलं खाटेच्या कडेबाहेर. सकाळपासून तो म्हणत होता, "काका, आत ठसठसतंय. बोटांना मुंग्या येतायत." काका म्हणाले, "हाड मोडलंय बाबा, ते काय गुदगुल्या करणार?"

धाकट्या सिस्टरनं मात्र बोटं दाबून पाहिली. दाबलं की पांढरी होत, आणि पुन्हा गुलाबी व्हायला वेळ लागत होता. ती इस्त्रीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मला हे बरं वाटत नाही, हवालदार. प्लास्टर आवळतंय. उभं चिरायला हवं. मी डॉक्टरांना आणते."

डॉक्टर सगळे फाटकाशी रांगेत उभे होते, कडक गणवेशात. इस्त्रीनं क्षणभर विचार केला. प्लास्टर चिरायचं म्हणजे करवत, पांढरा भुगा, ओली फरशी, नव्या चादरी. तो म्हणाला, "मॅडम, फेरी आलीच आहे. सगळे डॉक्टर साहेबांच्या मागून इथेच येणार. या खाटेशी आले की सांगा ना."

बोलणं वाजवी होतं. सिस्टरला पटलं. मग ती दुसऱ्या टोकाला गेली, आणि यानं काय करावं? शिडीच्या पायाखालच्या उशा काढून घेतल्या, कारण एकच पाय उंच असला की पांघरुणांची ओळ बिघडते. बाहेर आलेल्या बोटांवरून कांबळं घट्ट ओढून गादीखाली खोचलं. मागे सरकून एक डोळा मिटून पाहिलं. ओळ अगदी सरळ आली होती.

जनरलसाहेब उशिरा आले. साहेब लोक वेळेवर आले तर त्यांना साहेब कोण म्हणेल? आधी कचेरीत चहा झाला, मग भाषण झालं. वॉर्डात पाऊल पडलं तेव्हा शिडी छताकडे बघत सावधान होता, ओठावर घाम डवरला होता, आणि कानशिलावरची शीर उडत होती.

"काय जवान, काही तक्रार?"

"नाही साहेब!"

धाकटी सिस्टर अर्धं पाऊल पुढे आली. तोंड उघडलं. "सर—"

मोठे साहेब त्या वेळी इस्त्रीकडे बघत होते. कौतुकानं. आणि इस्त्री खाकरला.

सिस्टरचं पाऊल मागे गेलं. जनरलसाहेब पुढच्या खाटेकडे वळले. इस्त्रीच्या मनात होतं, की हे दाराबाहेर पडले की लगेच कुणाला तरी मागे बोलवू. पण जनरलसाहेबांना ऑपरेशनची खोली पाहायची होती, मग मुदपाकखाना, मग बाग, आणि डॉक्टर मंडळी त्यांच्या मागे वरातीसारखी. सिस्टर धावत जाऊन अखेर एकाला घेऊन आली तेव्हा दुपार कलली होती. प्लास्टर चिरलं, मग पायही चिरला. आतलं मांस मेलं होतं. पाय वाचला, पण पाऊल लुळं पडलं. ते आता आपोआप वर उचललं जाणार नव्हतं; चालताना फरफटणार होतं. असा जवान फौज ठेवत नाही.

चौकशी बसली. चौकशीपुढे प्रश्न एकच: सिस्टर ड्यूटीवर होती, तिला शंका आली होती, डॉक्टर समोर उभे होते, मग ती बोलली का नाही? ती म्हणाली, "माझी चूक झाली. मी बोलायला हवं होतं." यापुढे शब्द नाही. आणि बोलणार तरी काय? खांद्यावर तारे असलेल्या बाईनं म्हणायचं, की हवालदार खाकरला म्हणून मी गप्प बसले? ऐकणारे हसले असते. दोष तिच्या नावावर ठरला की कच्ची नोकरी तुटणार, हे वॉर्डातल्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती फाशी इस्त्री डोळ्यांनी बघत होता, आणि चोर कोण हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो मोठ्या साहेबांकडे गेला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "साहेब, मॅडम बोलणार होत्या. मी अडवलं."

"अडवलं म्हणजे? काय म्हणालास?"

"म्हणालो काही नाही. खाकरलो."

 साहेबांनी उठून दार लावून घेतलं. "वेडा आहेस का तू? खाकरणं हा काय हुकूम झाला? ती अधिकारी, तू हाताखालचा माणूस. तुझं निवृत्तीचं वर्ष आहे. तिचं वय आहे, दुसरीकडे कुठेही नोकरी मिळेल. तुला विचारतील तेवढंच सांग. एक शब्द जास्त नको." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तंबूतले दिवस मी विसरलेलो नाही."

त्या हातानं बरं वाटावं, तर इस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण एवढं त्यालाही कळत होतं, की हवालदार का खाकरला असं कुणी विचारलं असतं, तर पुढचा प्रश्न निघाला असता: वॉर्ड चित्रासारखा कुणाला हवा होता? साहेब त्याला वाचवत होते आणि त्याच्या आडोशानं स्वतःही उभे होते. हे कळूनही तो "जी साहेब" म्हणाला. इतक्या वर्षांची सवय.

चौकशीत त्यानं जबानी दिली. मॅडम ड्यूटीवर होत्या का? होत्या. तुमच्या देखत त्यांनी साहेबांना पायाबद्दल काही सांगितलं? नाही. त्यांना बोलू नका असं कुणी सांगितलं? नाही. एकही अक्षर खोटं नव्हतं. बाहेर आला तर बाकावर धाकटी सिस्टर बसलेली. दार काही जाड नव्हतं.

"हवालदार," ती म्हणाली, "तुम्ही खोटं काहीच बोलला नाहीत."

आवाजात राग असता तर त्यानं तो अंगावर घेतला असता. राग नव्हता. ती उठली आणि आत गेली, आणि हा कितीतरी वेळ रिकाम्या बाकासमोर सावधान उभा.

घरी तो भरलं ताट तसंच सोडून उठू लागला. बायकोनं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी ताट सरकवत म्हणाली, "अहो, झालंय तरी काय? बोला की." आणि एरवी वॉर्डातलं अक्षर घरी न आणणाऱ्या माणसानं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर वर म्हणाला, "आता तूच सांग, नुसतं खाकरलं तर एवढं काय?"

बायको हसली. हसण्यात गंमत मात्र नव्हती. "मला विचारताय? लग्न झाल्यापासून मी ते खाकरणं ऐकतेय. माझा भाऊ आला, मी काही बोलायला गेले, खाकरलात. तुमच्या आईपुढे तोंड उघडलं, खाकरलात. तुम्ही कधी मला वेडंवाकडं बोलला नाहीत, हात उगारला नाहीत. सगळे म्हणतात, नशीबवान आहेस. आणि चारचौघांत माझ्या तोंडचा शब्द अर्धा राहतो. त्या पोरीचं काय झालं असेल ते मला नका समजावू."

 तो काहीतरी म्हणायला घसा साफ करणार होता, तोही करवेना.

"जाऊन सांगा त्यांना," बायको म्हणाली. "निवृत्तीचं काय व्हायचं ते होईल. असे तुम्ही घरात बसलेले मला नकोत."

सोपं होतं तिला म्हणणं. दुसऱ्या दिवशी तो सांगायचं ठरवून निघाला आणि वॉर्डात पोचेपर्यंत ठरवलेलं गळून गेलं. उद्या सांगू. परवा सांगू. चौकशीची शेवटची साक्ष उरली होती ती शिडीची. त्याला चाकाच्या खुर्चीतून न्यायला दुसरं कोण? इस्त्रीच. वाटेत शिडी मान मागे वळवून म्हणाला, "काका, तुम्ही काळजी करू नका हं." इस्त्रीला वाटलं, पोराला कळतंय तरी काय.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, मागे तीन अधिकारी, कोपऱ्यात टंकलेखक. एका बाजूला मोठे साहेब. दुसऱ्या बाजूला धाकटी सिस्टर, मांडीवर हात घट्ट धरून. इस्त्रीनं खुर्ची टेबलासमोर लावली आणि मागे उभा राहिला.

प्रमुखांनी विचारलं, "सकाळी दुखत होतं?"

"हो साहेब."

"कुणाला सांगितलंस?"

शिडीनं श्वास घेतला. "कुणालाच नाही साहेब. हवालदारकाकांना कळलं असतं तर त्यांनी लगेच पळापळ केली असती. सिस्टरबाई माझ्या खाटेकडे फिरकल्याच नाहीत. सकाळपासून एकदाही नाही."

सिस्टरनं मान वर केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. टंकलेखकाची बोटं टकटक चालू झाली. मोठ्या साहेबांनी खुर्चीत पाठ टेकली. आणि इस्त्रीला समोर त्या उंच पोराची मान दिसत होती, ताठ, परीक्षेत पाठ केलेलं उत्तर म्हणून दाखवल्यासारखी. पोरगा याच्यासाठी खोटं बोलत होता. ज्याच्यामुळे पाऊल गेलं त्यालाच वाचवत होता, आणि ज्या बाईनं त्याची बोटं दाबून पाहिली तिला बुडवत होता. प्रेमानं करत होता. इस्त्रीनं वॉर्डात जे काही पेरलं होतं, त्याचं हे पीक.

"साहेब," तो म्हणाला, "हा खोटं बोलतोय."

टकटक थांबली.

"यानं सकाळीच मला सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं. मॅडमनी बोटं तपासली, प्लास्टर चिरायला हवं म्हणाल्या. मी थांबवलं. पायाखालच्या उशा मी काढल्या. कांबळं मी खोचलं. आणि जनरलसाहेबांपुढे मॅडम बोलायला लागल्या तेव्हा मी त्यांना गप्प केलं."

"कसं गप्प केलं?"

"खाकरून."

टंकलेखकानं प्रमुखांकडे पाहिलं. हे लिहायचं का, असं त्याच्या तोंडावर होतं. एक अधिकारी गालात हसला. मोठे साहेब म्हणाले, "हवालदार भावनेच्या भरात—"

"भावना नाही साहेब," इस्त्री म्हणाला. साहेबांचं वाक्य मध्येच तोडायची त्याच्या आयुष्यातली ही पहिली वेळ. "या वॉर्डात मी खाकरलो की सिस्टर थांबतात. थोरल्या बाईंना विचारा, त्यांच्या आधीच्यांना विचारा. मला ते ठाऊक होतं, म्हणूनच खाकरलो. त्यांचा दोष एवढाच, की नव्या होत्या आणि मला मानत होत्या."

प्रमुखांनी सिस्टरला विचारलं, हे खरं का.  ती म्हणाली, "खरं आहे." आणि पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले. प्रमुखांनी टंकलेखकाला सांगितलं, "लिहा. सगळं लिहा."

पुढे काय व्हायचं ते झालं. सिस्टरला समज मिळाली, नोकरी राहिली. इस्त्रीची हवालदारी गेली आणि उरलेले महिने भांडारात चादरी मोजायला धाडलं. मोठ्या साहेबांनी पुन्हा कधी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांना कुणी काही विचारलंही नाही. हे सगळं इस्त्रीला चाललं असतं.

पण त्या दिवशी चौकशीच्या खोलीतून खुर्ची ढकलत तो बाहेर आला, तेव्हा लांबच लांब व्हरांड्यात शिडीनं एकदाही मान मागे वळवली नाही. खाटेशी पोचल्यावर इस्त्रीनं त्याला उचलून ठेवलं, पाय हलक्या हातानं उशांवर चढवला आणि तसाच खाटेच्या कडेला टेकला. म्हणाला, "अरे, मला दोन शिव्या तरी घाल. तुझा पाय माझ्यामुळे गेला."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," शिडी म्हणाला. भिंतीकडे तोंड केलेलं होतं. "पायाचं मी मनाला समजावलं होतं, काका. तुमची मान खाली जाऊ नये म्हणून फेरीच्या दिवशी दात आवळून पडून राहिलो, आजही तेवढ्यासाठीच बोललो. सगळ्यांसमोर मला खोटारडा केलंत. आता मी घरी काय घेऊन जाऊ?"

 इस्त्री तिथेच बसून राहिला. शेवटी धाकटी सिस्टर आली आणि म्हणाली, "हवालदार, मलमपट्टी करायचीय, जरा सरका," आणि तो सरकला.